झाडाला सुना नसतात

"माझं नाव खोडलंस की नाही, तेवढं सांग."

"खोडलं नाही, अवो. दुसऱ्या यादीत टाकलं."

"दुसऱ्या म्हणजे कुठल्या?"

फिलोमेनो वहीची पानं चाळू लागला.

"सुपारी माझ्या तोंडात आहे. तुझ्या तोंडाला काय झालं?"

"...दुय्यम भाषकांच्या."

कुस्तोदियाच्या कमरेला माग बांधलेला होता, म्हणून तो वाचला. पट्टा सोडून उठलं की ताण जातो, ताण गेला की चार दिवसांचं वीणकाम वाकडं होतं, आणि रागापायी हातचं काम बिघडवणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं ठोकणीची फळी तेवढी एकदा अशी हाणली, की ओसरीवरच्या कोंबड्या आपण होऊन खाली उतरल्या.

"दुय्यम म्हणजे काय रे?"

"म्हणजे नंतर शिकलेल्या. जन्मापासून नव्हे."

"आणि तू? पोटातून बोलत आलास?"

आता ही दोघं कोण, ते सांगायला हवं.

तिमोर देश एवढासा. पहाटे एका टोकाला बसमध्ये बसलं, रस्ता वाहून गेलेला नसला, तर दिवस मावळायच्या आत माणूस दुसऱ्या टोकाला उतरतं. एवढ्याशा देशात भाषा मात्र वीसच्या आसपास. नक्की किती, ते मोजणाऱ्यावर आहे. पूर्वेच्या डोंगरात वाइहाली नावाचं चाळीस घरांचं गाव, आणि त्या गावाची भाषाही वाइहालीच. शेजारच्या खोऱ्यात, ओस्सुपासून केलिकाईपर्यंत, माकासाई बोलणारे. ते पुष्कळ. हे मूठभर.

कुस्तोदिया शहात्तर वर्षांची. गाव तिला अवो म्हणे, अवो म्हणजे आजी. शाळेची पायरी तिनं पाहिली नव्हती. प्रार्थनेच्या पुस्तकावरून आणि तेलाच्या डब्यांवरून अक्षरं ओळखायला ती स्वतःची स्वतः शिकली, आणि मग तीस वर्षं ह्याच ओसरीवर गावच्या पोरांना बसवून तिनं अंक, अक्षरं आणि गावाच्या भाषेतल्या गोष्टी शिकवल्या. फिलोमेनो त्यांतलाच एक. तो पुढे राजधानीला, दिलीला गेला, दिलीहून परदेशी गेला, भाषाशास्त्राचा डॉक्टर होऊन आला. गावाला अभिमान. त्याला स्वतःला गावाहून जास्त.

जानेवारीत गावात नवी शाळा सुरू व्हायची होती. दिलीहून कळवलं होतं, की गावाची भाषा स्वतःच्या पायावर उभी आहे असं ठरलं, तर पहिलीचं पुस्तक त्या भाषेत होईल. पुस्तकातले शब्द मूळ भाषकांचे असतील, आणि पहिलीचा वर्गही मूळ भाषकच घेतील. नाही ठरलं, तर पोरं माकासाईत शिकतील. हे ठरवायला लागणारे तक्ते आणि याद्या करायचं काम फिलोमेनोकडे.

सोमवारी तो आला. गुरुवारी यादी झाली. यादीत कुस्तोदियाचं नाव नव्हतं. गावातल्या एकाही लग्न झालेल्या बाईचं नव्हतं.

त्याचा हेतू वाईट नव्हता. नसेल. हेतूचं काय लोणचं घालायचंय?

"अवो, हे तुमच्याच भल्याचं आहे," तो म्हणाला.

"माझ्या?"

"भाषेच्या."

"मग भाषेच्या म्हण. माझ्या भल्याचं मला कळतं."

त्यानं पिशवीतून एक मोठा कागद काढून ओसरीवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. कागदावर झाड होतं. खोड, फांद्या, डहाळ्या, आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला एका भाषेचं नाव.

"हे बघा. इथं तळाशी एक फार जुनी भाषा. हजारो वर्षांपूर्वी, इथून पार उत्तरेकडे, एका बेटावर बोलली जायची. ते लोक होड्या घेऊन निघाले. इकडे आले, फिजीला गेले, तिकडे मादागास्करपर्यंत पोचले. आपण दगडाला फतु म्हणतो. मलायात बतु. फिजीत वतु. मादागास्करमध्ये वतो. एकाच घरातली माणसं आहेत ही, अवो! देशभर चालते ती टेटुन आपली बहीण. माम्बाई बहीण. केमाक, तोकोदेदे, सगळ्या बहिणी. आणि ही डहाळी... ही आपण."

सांगताना त्याचा आवाज चढला होता. खरं तर त्या कागदावर त्याचं प्रेम होतं. चार वर्षं त्यानं तो कागद उराशी धरून काढली होती.

तिनं मान पुढे करून कागद पाहिला. फार वेळ पाहिला.

"माकासाई कुठाय?"

"ती ह्या झाडावर नाही. तिचं घराणंच वेगळं. तिचा आपला काही संबंध नाही."

"संबंध नाही..."

"रक्ताचा नाही."

"मी केलिकाईची," ती म्हणाली. "माकासाई बापाची, माकासाई आईची. सोळाव्या वर्षी ह्या घरात दिली. साठ वर्षं झाली. बोनिफासियु भावजींच्या घरात ओस्सुची आई होती, माकासाई. खाली जुस्तिनोकडे आजी माकासाई. आणि तुझ्या कागदावर संबंध नाही?"

"अवो, माणसांचा आहे. भाषेचा नाही."

"भाषा काय झाडावर लटकून बोलते?"

"ही मांडणी आहे. जगभर अशीच करतात."

"जगभर करू दे. झाडाला सुना कुठे असतात? दाखव बोट ठेवून. ह्यात सून कुठाय?"

त्यानं बोट ठेवलं नाही. ठेवायला जागा नव्हती.

"आणि त्या होड्यांत," ती म्हणाली, "बायका होत्या का?"

"असणारच."

"सगळ्यांना पुरतील एवढ्या?"

"...ते कसं सांगणार?"

"मी सांगते. इथं उतरले, तेव्हा डोंगरातल्यांच्या पोरी केल्या. त्या पोरी गप्प बसल्या असतील का चुलीपाशी?"

"आधी कोण आलं, ते की आपण, ह्यावर अजून वाद आहे."

"आधी कोणी का येईना! पोरी केल्याच ना?"

त्याचा संयम सुटला. डॉक्टर असला तरी ह्याच डोंगरातला होता.

"केल्या! म्हणूनच तर अडचण आहे ना!" तो ओरडला. "तुम्ही बोलता त्यात दहा शब्दांना तीन शब्द माकासाई. मी मोजलेत, अवो. दिलीच्या समितीतले दोघं आधीच म्हणतायत, वाइहाली ही भाषाच नाही, माकासाईचीच मोडकीतोडकी बोली आहे. तुमचं बोलणं मी त्यांना ऐकवलं, की संपलं. पुस्तक नाही, काही नाही. मला निवडलेले शब्द हवेत. उसने काढून टाकलेले. आणि उसने शब्द घरात कुठून येतात, ते तुम्हीच आत्ता सांगितलंत!"

ओसरीखाली सात-आठ बाया मका कांडत होत्या. मुसळं चालू होती, पण ठेका सैल झाला होता. ऐकत होत्या सगळ्या.

"म्हणजे आम्ही घाण," कुस्तोदिया म्हणाली.

"मी असं म्हटलं नाही."

"धान्य पाखडल्यासारखं पाखडलंस आणि आम्हाला बाजूला काढलंस. धान्यातून बाजूला काय काढतात रे?"

त्यानं कागदावरचा एक दगड उगाच सरळ केला.

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज एकाएकी खाली आला. तिला ओळखणाऱ्यांना हा खालचा आवाज जास्त भिववायचा. "तुझ्या नियमानं करू. आम्ही दुय्यम. तू मूळ भाषकांना विचार. आत्ता विचार, इथं माझ्यासमोर. बोलव भावजींना."

बोनिफासियु लांब नव्हताच. पूर्वजांच्या लाकडी घराचा तो राखणदार. गावचा सगळ्यांत जुना पुरुष, यादीत पहिलं नाव त्याचं. तो आला, खोकला, चटईवर बसला. फिलोमेनोनं रेकॉर्डर त्याच्यासमोर ठेवला. लाल दिवा लागला.

कुस्तोदियानं ओसरीखाली पाहिलं.

"बायांनो, आपण दुय्यम. दुय्यमांनी बोलायचं नसतं."

मग तिनं पानाचा नवा विडा तोंडात कोंबला आणि ओठ मिटले.

एक मुसळ थांबलं. मग दुसरं. मग सगळी. दिवसाउजेडी गावातली मुसळं अशी एकदम थांबली, की कोणी गेलं असं समजतात. घरोघरचे पुरुष दारात आले, आणि बघता बघता ओसरीभोवती जमले.

"काका," फिलोमेनो म्हणाला, "सोपं आहे. मी वस्तू सांगतो टेटुनमध्ये, तुम्ही आपला शब्द सांगायचा. डोळा."

बोनिफासियुनं सांगितला.

"दगड."

सांगितला.

"पाणी. हात. पक्षी. दोन."

सगळे सांगितले, छाती पुढे काढून. फिलोमेनोनं कुस्तोदियाकडे एक नजर टाकली. ती मान खाली घालून विणत होती.

"आता दहापर्यंत मोजा."

बोनिफासियुनं घडाघडा मोजलं.

"काका... ही इंडोनेशियन झाली."

"हो काय?" म्हाताऱ्यानं डोकं खाजवलं. "तरुणपणी, त्यांचं राज्य होतं तेव्हा, कॉफी वजनावर घालायचो ना त्यांच्याकडे. जीभ तिकडेच पळते."

"आपल्या भाषेत मोजा."

त्यानं पुन्हा सुरुवात केली. पाचापर्यंत बरा गेला. सहाला अडला. बोटं उघडली, मिटली.

"पुढे जाऊ," फिलोमेनो म्हणाला. "राख."

बोनिफासियुनं शब्द सांगितला. तो टेटुन होता.

"आपला, काका."

"आपला तोच."

"बेंबी."

"...ते काय, पोराची नाळ पडते तिथं..." त्यानं पोटाला हात लावला. शब्द आला नाही.

"कोळी. जाळं विणतो तो."

नाही.

"पिळणं. कपडा पिळतो तसं."

"मी कपडे पिळत नाही," बोनिफासियु म्हणाला, आणि जमलेल्यांत हशा पिकला. बाया मात्र हसल्या नाहीत. त्या मुसळं धरून उभ्या होत्या, खांबांसारख्या.

फिलोमेनोनं दुसऱ्या पुरुषाला पुढे बोलावलं. मग तिसऱ्याला. जुस्तिनो म्हैशींच्या रंगांचे आठ शब्द सांगून गेला, पण कोवळ्या मक्याला आणि जून मक्याला त्याच्याकडे एकच शब्द होता, आणि तोही बाजारातला. तिशीतला एक जण, मूळ भाषक, सातव्या पिढीचा, चार वाक्यं बोलला. त्यांतली दोन टेटुन निघाली आणि एकात दोन शब्द पोर्तुगीज.

बोनिफासियुला हे सहन होईना. तो ओसरीच्या काठाशी गेला. खाली त्याची बायको ओलिंदा उभी होती.

"अगं, राखेला काय म्हणतो आपण?"

ओलिंदानं आभाळाकडे पाहिलं.

"सांग ना! रोज सकाळी चुलीतून काढतेस!"

ओलिंदानं मुसळ ह्या हातातून त्या हातात घेतलं.

"ही बाई... ही बाई मला गावासमोर..." बोनिफासियु परत फिरला. "फिलोमेनो, असल्या गोष्टी आमच्याकडे हिला विचारतात. हिला मला विचारावं लागत नाही, मला हिला विचारावं लागतं. लिही तसंच कागदावर, आणि तो तुझा लाल दिवा बंद कर."

फिलोमेनोनं दिवा बंद केला.

त्याच्या वहीत चाळीस ओळी होत्या. सतरा रिकाम्या, नाहीतर त्यांच्यापुढे 'उसना' लिहिलेलं. म्हणजे ज्यांना त्यानं मूळ म्हटलं होतं, त्यांच्याकडून त्याला उसने शब्द मिळाले होते. आणि जुने शब्द... राखेचा, बेंबीचा, सहाचा... ते त्याला ठाऊक होते. त्याचं डोकं त्याला सांगत होतं, की लहानपणी ते त्यानं कुठे ऐकले. ह्याच ओसरीवर ऐकले. घरात चुलीपाशी ऐकले.

कुस्तोदियानं पानाचा रस ओसरीवरून लांब थुंकला. लाल.

"तुझ्या वहीत एक रकाना आहे," ती म्हणाली. "काल जुस्तिनोला विचारत होतास, ऐकलंय मी. आईकडून शिकलेली भाषा कोणती. भावजींच्या पुढे काय लिहिलंस?"

"वाइहाली."

"त्यांची आई कुठली?"

"...ओस्सुची."

"जुस्तिनोची?"

"वातुकार्बाउकडची."

"वाइहालीच्या पोरानं वाइहालीचीच पोरगी केलेली ऐकलीस कधी?"

"नाही."

"का नाही?"

हे गावातल्या कुठल्याही पोराला ठाऊक होतं. चाळीसच्या चाळीस घरं एकाच घरातून फुटलेली. इथला प्रत्येक पुरुष इथल्या प्रत्येक मुलीचा भाऊ. बायको बाहेरूनच आणायची, मुलगी बाहेरच द्यायची. त्याला कळत नव्हतं असं नाही. पण रकाने आखताना तो दिलीतल्या खोलीत बसला होता, आणि रकान्यांना ह्याची गरज पडली नव्हती.

"तुझी आई कुठली?" तिनं विचारलं.

तो काहीतरी पुटपुटला.

"गाव ऐकतंय. मोठ्यानं."

"उआतोलारीची. नाउएती बोलायची."

"तुझ्याशी?"

"नाही... माझ्याशी वाइहाली." त्यानं वही मिटली. "शेवटच्या तापात तेवढी नाउएतीत बोलली. आम्हाला कोणाला कळलं नाही काय म्हणतेय."

खाली ओलिंदानं मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं.

कुस्तोदियाचा राग ह्यावर निवेल, असं त्याला वाटलं. निवला नाही. तिनं कमरेमागे हात नेला, पट्ट्याची गाठ सोडली, आणि माग तसाच जमिनीवर टाकून ती उठली. वीणकाम सैल पडलं. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. खांद्याएवढी होती त्याच्या.

"माझी सासू कुठली होती, माहीत आहे? लालेइयाची. तीही बाहेरची. तिनं मला ही भाषा कशी शिकवली, ते तुझ्या परदेशात शिकवतात का? ह्या घरात माझ्या तोंडून माकासाई शब्द निघाला, की झऱ्यावर एक खेप जास्त. बांबूच्या दोन नळ्या खांद्यावर, खाली उतरायचं, वर चढायचं. पहिल्या महिन्यात दिवसाला वीस खेपा झाल्या. बारा शब्दांसाठी मी रडले. एक शब्द माझ्या तोंडात बसेना, त्यासाठी मी पोटुशी असताना चढ चढले. आणि रात्री ती सासू माझे खांदे तेलानं चोळायची आणि चोळता चोळता नवा शब्द सांगायची. तिला तिच्या सासूनं तसाच शिकवला होता. ती सासूसुद्धा बाहेरची. तिच्या आधीची बाहेरची. ही भाषा मी झऱ्यावरून वाहून आणलीय, फिलोमेनो. तू ती फुकट प्यायलास."

"अवो..."

"थांब. माकासाईचे शब्द माझ्या तोंडी राहिले म्हणतोस. राहिले. काही राहिले. माझ्या आईचे होते ते, सासूनं सगळे काढले तरी काही मी लपवून ठेवले. पोरांना झोपवताना बोलले. त्याचा मला पस्तावा नाही. दहातले तीन ना? मग दहातले सात कोणाचे? ते सात राखले कोणी? ते मोजलेस?"

"मोजले नाहीत."

"तुझी बहीण सेलेस्तिना कुठे दिली?"

तो दचकला. "बागियाला."

"तिच्या पोरांशी काय बोलते?"

"...माकासाई. पोरं तीच बोलतात."

"म्हणजे ती तिथली भाषा शिकली, पोरांना शिकवली. उद्या तुझ्यासारखा कोणी डॉक्टर बागियात येईल. रकाने आखेल. आणि सेलेस्तिनाला म्हणेल, बाई, तू बाजूला हो, तू दुय्यम. तेव्हा तू तिथं तिच्या बाजूनं उभा राहशील, का त्याच्या बाजूनं वही धरून?"

बोनिफासियु चटईकडे बघत होता.

फिलोमेनो खाली बसला. समोर कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार दगड होते. त्यानं ते एकेक करून उचलले, कागदाची गुंडाळी केली. मग पुन्हा उलगडली. पेन घेतलं, माकासाई कुठे लिहावी म्हणून झाडाच्या बाजूची कोरी जागा शोधली, तिथून आपल्या डहाळीपर्यंत एक रेघ ओढायला गेला, आणि थांबला. अशी रेघ ओढायला लागलं तर एक पुरत नव्हती. उआतोलारीची एक, लालेइयाची एक, ओस्सुची, वातुकार्बाउची. आणि मग इथून बाहेर गेलेल्या मुलींच्या. झाड दिसेनासं झालं असतं.

"मी नावं घालतो," तो म्हणाला. "सगळ्यांची. तुमचं पहिलं."

"पहिलं-दुसरं मला नको. खरं घाल."

"घालतो. पण अवो, ते मला सोडणार नाहीत." त्याच्या आवाजात अजून ताठा होता, पण आता तो तिच्यावर उगारलेला नव्हता. "दिलीत समिती बसेल. मोठ्या टेबलाशी बसतात. ही यादी बघतील आणि म्हणतील, डॉक्टर, ह्या तर सगळ्या बाहेरच्या बाया. ह्यांतली एकही इथं जन्मली नाही. ह्यांतल्या एकीच्याही आईला ही भाषा येत नव्हती. मग ही भाषा आहे कोणाची? असं विचारतील, अवो. नक्की विचारतील. पोरांचं पुस्तक त्या एका उत्तरावर अडेल. काय सांगू मी त्यांना?"

तिनं ओसरीच्या काठावरून पाहिलं.

खाली बाया उभ्याच होत्या. कोणी मुसळ उचललं नव्हतं.

"विचारतील तर डोळ्याला डोळा देऊन सांग," कुस्तोदिया म्हणाली. "जिनं शिकून घेतली, तिची."